पाच कप ग्रीन टी आणि न हललेला सीआरपी

वाचकाचं पत्र

मॅडम, वय ४४, उंची १६० सेंटिमीटर, वजन ८६ किलो. काम दिवसभर बसून. तीन महिन्यांपूर्वी तपासण्या केल्या तेव्हा सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली. एएलटी (यकृताचं एन्झाइम) ५८, एचएस-सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) ४.२, हिमोग्लोबिन १०.३. डॉक्टर म्हणाले, "वजनामुळे शरीरात बारीक दाह सुरू आहे, वजन उतरवा," आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. मग मी वाचायला लागले. लठ्ठपणात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, त्यातून दाह होतो आणि ग्रीन टी दोन्ही कमी करतो, असं जिथे तिथे लिहिलेलं. गेले दोन महिने नेमाने रोज पाच कप घेतेय, साखर न घालता. एक उठल्या उठल्या, एक अकरा वाजता, दोन्ही जेवणं झाल्या झाल्या एकेक (लोहाची गोळी त्याच्याच घोटाबरोबर) आणि एक रात्री झोपायच्या आधी. परवा परत रक्त तपासलं तर सीआरपी ५.१! वजन तेवढंच. हिमोग्लोबिन १०.४. एएलटी पुन्हा केलंच नाही.

नणंद म्हणते, चहात दम नसतो, अर्काच्या कॅप्सूल घे. डबाही आणून दिलाय. एका कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक), दिवसाला दोन, उपाशीपोटी. सुरू करू का? की माझ्या शरीरालाच काही लागू पडत नाही? हल्ली दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, आणि मी फार घोरते अशी नवऱ्याची तक्रार असते, पण ते असो. जाता जाता एक: नवऱ्याला ग्रीन टी कडू लागतो, तो दोन चमचे साखर घालतो. चालेल का?

उत्तर

ताई, तो कॅप्सूलचा डबा उघडू नका. बाकीचं निवांत बोलू, पण हे आधी.

तुमचं एएलटी ५८ आहे. म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्यात आणि त्यांच्यातलं एन्झाइम रक्तात पाझरतंय. ग्रीन टीच्या अर्काचा सगळ्यात पक्का नोंदला गेलेला दुष्परिणाम नेमका याच जागी होतो. दोन कॅप्सूल म्हणजे दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा यकृताची एन्झाइम वाढू लागतात ती मात्रा त्यांनी हीच सांगितली: पूरक गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त. अमेरिकेत मिनेसोटामध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या सुमारे हजार स्त्रियांवर वर्षभर एक चाचणी झाली. निम्म्यांना रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी पोकळ कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांपैकी ६.७ टक्के स्त्रियांचं एएलटी लक्षणीय वाढलं, पोकळ कॅप्सूलवाल्यांत हा आकडा ०.७ टक्के होता. गोळी थांबवली की एन्झाइम खाली यायचं. याच चाचणीतल्या जास्त वजनाच्या स्त्रियांचा वेगळा अभ्यास केला, तर वर्षभरानंतरही वजनात किंवा अंगावरच्या चरबीत काही फरक नव्हता. म्हणजे यकृताला झळ बसली आणि ज्यासाठी घेतलं ते पदरात पडलंच नाही.

सौम्य एन्झाइमवाढीवर हे नेहमी थांबतं असंही नाही. अर्कामुळे कावीळ झाल्याच्या, क्वचित यकृत निकामी होऊन प्रत्यारोपण करावं लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २००३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये वजन उतरवण्यासाठी विकलं जाणारं ग्रीन टी अर्काचं एक उत्पादन यकृताच्या तक्रारींमुळेच बाजारातून काढून घेतलं होतं. एक विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांमध्ये हा त्रास जास्त आढळतो, पण ती आपल्यात आहे की नाही हे कुणी तपासून घेतलेलं नसतं. त्यात तुमच्या डब्यावर "उपाशीपोटी" लिहिलंय. रिकाम्या पोटी घेतलेल्या अर्कातलं ईजीसीजी रक्तात कित्येक पटींनी जास्त चढतं. विकणाऱ्याला तो गुण वाटतो, यकृताला तो भार असतो.

मग पाच कप चहाचं काय? त्याची भीती नको. चहा पाण्यात विरघळलेला असतो, थोडाथोडा, दिवसभरात पोटात जातो. युरोपीय आढाव्यानुसार नेहमीच्या पिणाऱ्यांना चहातून सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी मिळतं आणि असा गाळलेला चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला जातो. रेणू तोच असला तरी कपातून आला तर पेय असतो आणि कॅप्सूलमधून आला तर औषध, तेही डॉक्टरांनी न दिलेलं. नणंदेचं "चहात दम नसतो" हे म्हणणं एका अर्थाने खरंच आहे, आणि तुमच्या यकृताच्या दृष्टीने ते बरंच आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. दोन महिने नेम पाळला आणि सीआरपी उलट वर गेला, हे कसं?

डॉक्टर ज्याला "बारीक दाह" म्हणाले तो ताप आल्यासारखा किंवा जखम सुजल्यासारखा नसतो. दुखत नाही, लाल होत नाही, नुसता धुमसत राहतो. चरबीच्या पेशी म्हणजे गोदाम, एवढीच समजूत फार वर्षं होती. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-आल्फा नावाचा दाह पेटवणारा रेणू स्रवतो असं दिसलं. पुढच्याच वर्षी लेप्टिन हे चरबीतून स्रवणारं, भूक आवरणारं संप्रेरक सापडलं आणि चरबी ही चक्क एक ग्रंथी आहे हे पटायला लागलं. २००३ मध्ये तर वाढलेल्या चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने घुसून बसलेल्या असतात हे उघड झालं.

त्या तिथे कशाला जातात? चरबीची पेशी फुगत फुगत जाते आणि एका टप्प्यानंतर केशवाहिन्यांतून येणारा प्राणवायू तिला पुरत नाही. काही पेशी मरतात. मेलेल्या पेशीतलं तेल उपसायला मॅक्रोफेज तिच्याभोवती कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखं दिसतं, म्हणून त्याला नावही तसंच पडलं. या पेशी टीएनएफ, आयएल-६ असे निरोप रक्तात सोडत राहतात. आयएल-६ यकृताशी पोचलं की यकृत सीआरपी बनवतं. तुमच्या रिपोर्टवरचा ४.२ म्हणजे त्या धुमसण्याचा यकृतापर्यंत पोचलेला धूर. त्याच वेळी ॲडिपोनेक्टिन हे चरबीतलंच दाह शांत ठेवणारं संप्रेरक कमी होतं.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. पेशीत गरजेपेक्षा जास्त इंधन येत राहिलं की मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत, जळताना इलेक्ट्रॉन गळतात, प्राणवायूला चिकटतात आणि त्यातून सुपरऑक्साइडसारखे खवळलेले रेणू तयार होतात. चरबीच्या पेशींमध्ये एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइमही असे रेणू बनवतं आणि लठ्ठपणात ते जास्त कामाला लागतं. हे रेणू पेशीतला एनएफ-कप्पा-बी नावाचा खटका दाबतात, तो दाबला की दाहाचे निरोप आणखी निघतात. त्या निरोपांनी आलेले मॅक्रोफेज स्वतः असेच रेणू फवारतात, कारण तेच त्यांचं हत्यार. कोण आधी नि कोण नंतर हे त्या चक्रात सांगता येत नाही. चक्राला चावी देते ती फुगलेली, रोज नवं इंधन मिळणारी पेशी.

इथे एक मोठी गफलत होते. हे रेणू वाईट, म्हणून त्यांना मारणारं जे जे काही ते चांगलं, असा हिशोब लोक मांडतात. "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस" ही संज्ञा हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये रूढ केली, तेव्हाही भर होता तो समतोल ढळण्यावर. शरीराला हे रेणू थोडे लागतातच. २००९ मध्ये जर्मनीत एक प्रयोग झाला. व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात जी सुधारणा व्हायची ती त्यांच्यात झालीच नाही. व्यायामात तयार होणारे हेच रेणू स्नायूंना "सुधारा" असा निरोप देत होते आणि गोळ्यांनी तो निरोप मध्येच गिळला. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढला. अँटिऑक्सिडंट हा शब्द वेष्टनावर दिसला की मी दचकते तो यामुळे.

आता पानाकडे. काळा चहा आणि ग्रीन टी एकाच झाडाचे. पान खुडल्यावर त्यातलं एन्झाइम कॅटेचिन नावाच्या संयुगांचं ऑक्सिडेशन करतं आणि पान काळं पडतं. ग्रीन टीत पान लगेच वाफवतात किंवा कढईत भाजतात, एन्झाइम मरतं, कॅटेचिन टिकतात. ईजीसीजी हे त्यांच्यातलं सगळ्यात मुबलक. प्रयोगशाळेतल्या बशीत ते चरबीच्या पेशींवर टाकलं की एनएफ-कप्पा-बी शांत होतो, टीएनएफ उतरतो, सगळं छान दिसतं. तुम्ही जे वाचलंत ते बहुतेक या बश्यांबद्दलचं आणि उंदरांबद्दलचं असणार. ते खोटं नाही, पण बशीतलं प्रमाण बघा. पेशींवर ओततात ते ईजीसीजी बऱ्याचदा १० ते १०० मायक्रोमोलर (द्रवातलं प्रमाण मोजायचं एकक) असतं. चहा प्यायल्यावर तुमच्या रक्तात ते जेमतेम १ मायक्रोमोलरच्या आत-बाहेर पोचतं, दीड-दोन तासांत शिखर गाठतं आणि काही तासांत ओसरतं. आतड्यातून रक्तात शिरतो तो पोटात गेलेल्याचा फार छोटा भाग.

आणखी एक गंमत. बशीतल्या द्रवात ईजीसीजी स्वतःच हवेबरोबर क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं! म्हणजे ज्याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणून पुजतो ते तिथे उलटंच वागत असतं. त्यामुळे काही संशोधकांना वाटतं की ईजीसीजीचा शरीरातला फायदा ते खवळलेले रेणू टिपून होत नसावा. ईजीसीजी पेशीला हलका चिमटा काढत असावं, त्या चिमट्याने एनआरएफ-२ हा स्विच चालू होत असावा आणि पेशी ग्लुटाथायोनसारखी स्वतःची संरक्षक रसायनं जास्त बनवत असावी. मला हे स्पष्टीकरण पटतं. एका कपाने होणारा हलका चिमटा आणि ८०० मिलिग्रॅमचा रट्टा यांतला फरकही त्यातून समजतो.

माणसांवर काय दिसलं? तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा अभ्यास अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा. लठ्ठपणा आणि मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाची चरबी, रक्तदाब, साखर, मेद यांचा एकत्र बिघाड) असलेल्या ३५ जणांचे तीन गट केले. एकाला रोज चार कप ग्रीन टी, एकाला अर्काच्या कॅप्सूल, एकाला नुसतं पाणी, असं आठ आठवडे. रक्तातल्या मेदाचं ऑक्सिडेशन दाखवणारी मॅलॉनडायअल्डिहाइडसारखी चिन्हं ग्रीन टीने कमी झाली. याच लोकांचे दाहाचे आकडे मात्र जागचे हलले नाहीत: सीआरपी, आयएल-६, ॲडिपोनेक्टिन, लेप्टिन, कशातही फरक नाही. सीरम अमायलॉइड नावाचं एक चिन्ह तेवढं उतरलं. म्हणजे चहाने ऑक्सिडेशनला थोडं आवरलं, दाहाला जवळजवळ हात लावला नाही. तुमच्या बाबतीतही हेच झालं असेल तर नवल नाही. फक्त तुम्ही मोजलात तो दाहाचा आकडा. ऑक्सिडेशनचे आकडे नेहमीच्या लॅबमध्ये कुणी मोजत नाही, आणि तुम्ही ते शोधत फिरावं असं मला वाटत नाही. त्यावरून उपचार बदलत नाहीत.

वजनाबद्दल तर स्वच्छच आहे. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १८ अभ्यास आणि १,९४५ माणसं होती. जपानबाहेरच्या अभ्यासांत ग्रीन टीने वजनात पडलेला सरासरी फरक ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम. दोन महिन्यांत वजन हललं नाही म्हणून तुमचं शरीर वेगळं आहे असं मुळीच नाही. ते सरासरीला अगदी धरून वागतंय.

सीआरपीचं ४.२ वरून ५.१ होणं कसं घ्यायचं? फार मनाला लावून घेऊ नका. हा आकडा हट्टी नाही, चंचल आहे. सर्दी, दाढदुखी, अपुरी झोप, कशानेही वर जातो. रक्तातला सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो, म्हणून कारण सरलं की उतरतोही लवकर. सध्याच्या पद्धतीत १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं धरतात आणि १० च्या वर गेला तर कुठेतरी ताजा संसर्ग असावा असं समजून काही दिवसांनी परत करतात. तुमचे दोन्ही आकडे एकाच खान्यातले आहेत. वजन उतरवण्याच्या बऱ्याच अभ्यासांची सरासरी काढली तर दर किलोमागे सीआरपी ०.१३ ने उतरतो. तुमच्या दोन तपासण्यांतला ०.९ चा फरक म्हणजे सहा-सात किलोंचा हिशोब. वजन तसूभर हललं नसताना आकडा एवढा सरकतो, यावरून त्याची चंचलता ओळखा. पुन्हा करायचाच असेल तर अंगात काही दुखणं नसताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा आणि सरासरी धरा.

आता ज्याच्यासाठी मी तुमचं पत्र निवडलं ते सांगते. ओघात लिहून "पण ते असो" म्हणून तुम्ही ज्या गोष्टी सोडून दिल्यात, त्या ग्रीन टीपेक्षा मोठ्या आहेत.

पहिली म्हणजे लोहाची गोळी. ती तुम्ही ग्रीन टीच्या घोटाबरोबर घेताय. कॅटेचिन लोहाला आतड्यातच पकडून ठेवतात, शोषू देत नाहीत. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा जेवणातल्या वनस्पतीजन्य लोहाचीही तीच गत करतो. म्हणजे दोन महिने तुम्ही गोळी गिळत होतात आणि चहा ती अडवत होता. हिमोग्लोबिन १०.३ चं १०.४ होऊन बसलं त्याचं बरंचसं कारण इथे असावं. त्यात लठ्ठपणाचा स्वतःचा अडथळा वेगळाच. तेच आयएल-६ यकृताला हेप्सिडिन बनवायला लावतं आणि हेप्सिडिन वाढलं की आतडं लोहाला आत घेत नाही. तेव्हा गोळी चहापासून दूर, किमान दोन तासांच्या अंतराने, साध्या पाण्याबरोबर घ्या. गोळी घेतल्यावर दिवसभर हेप्सिडिन चढलेलं राहतं, म्हणून एक दिवसाआड घेतलेली गोळी कधी कधी जास्त अंगी लागते. तुम्हाला तसं चालेल का हे डॉक्टरांना विचारा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासलं नसेल तर तपासा, पण दाह असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. "नॉर्मल आहे" एवढ्यावर थांबू नका. आणि लोह जातंय कुठे, तेही बघायला हवं. या वयात पाळीचं रक्त जास्त जाणं हे सर्रास कारण असतं आणि बायका ते सांगतच नाहीत, तुम्हीही लिहिलेलं नाहीये.

दुसरी, हिरड्या. रक्त येणाऱ्या हिरड्या म्हणजे तोंडात कायम उघडी असलेली जखम. हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वाढवतो आणि त्याचे उपचार केले की तो थोडा उतरतो, हे चाचण्यांत दिसलंय. दाह कमी करण्यासाठी दोन महिने चहा उकळलात, त्याऐवजी एकदा दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन खोलवर सफाई केली असतीत तर आकड्याला बहुधा जास्त फरक पडला असता.

तिसरी, घोरणं. १६० सेंटिमीटरला ८६ किलो म्हणजे बीएमआय साधारण ३३.६. एवढ्या वजनात जोरात घोरणं म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, असू शकतो. त्यात रात्रभर प्राणवायू खाली जातो, परत वर येतो, पुन्हा खाली जातो. या चढउताराने ते खवळलेले रेणू भरमसाट तयार होतात. तुम्ही दिवसा कपाने विझवायला बघताय, आणि रात्री झोपेत पुन्हा पेटत असेल तर काय उपयोग? नवऱ्याला विचारा, घोरता घोरता मध्येच आवाज बंद होऊन मग दचकल्यासारखा श्वास येतो का. सकाळी डोकं जड असतं का, दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागते का, हे तुम्ही बघा. उत्तर हो आलं तर झोपेची तपासणी करून घ्या. ती हल्ली घरीही करता येते.

वजनाचं तुम्हाला नव्याने सांगायला नको, पण नेमका आकडा हवा म्हणून लिहिते. यकृतावरची चरबी ओसरायला वजनाच्या ५ टक्के घट पुरते. यकृतातला दाह निवळायला ७ ते १० टक्के लागते. तुमच्यासाठी म्हणजे सहा ते साडेआठ किलो. ८६ चं ६० करायची घाई नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम यांनी वजन उतरलं नाही तरी यकृतातली चरबी कमी होते, हा मला या विषयातला सगळ्यात आवडता निष्कर्ष वाटतो. सहा महिने प्रामाणिकपणे करूनही हलत नसेल तर ३० च्या वर बीएमआय असणाऱ्यांसाठी आता औषधंही आहेत. त्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला लाजू नका. आणि एएलटी लगेच परत करा. तीन महिने त्याचा पत्ता नाही, हे बरोबर नाही.

ग्रीन टी बंद करायची गरज नाही. मला स्वतःला आवडतो. अकराचा कप चुकला तर चिडचिडही होते, त्याला ईजीसीजी नव्हे, कॅफीन जबाबदार. एका कपात ते साधारण ३० ते ४५ मिलिग्रॅम असतं. म्हणून रात्रीचा कप आधी काढून टाका, झोपेची आधीच शंका आहे. उठल्या उठल्या रिकाम्या पोटी मळमळत असेल तर तोही काढा. जेवणानंतर दीड-एक तास जाऊ द्या. दिवसाला तीन कप, दोन जेवणांच्या मध्ये, एवढं छान. जपानमधल्या ४०,००० हून जास्त लोकांच्या पाहणीत रोज पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू कमी होते. पण ती पाहणी होती, चाचणी नव्हे. एवढा चहा पिणारी माणसं बाकीच्या गोष्टींतही वेगळी असू शकतात. साखरेच्या पेयांऐवजी तुम्ही ग्रीन टी घेत असाल तर त्या बदलाचा फायदा मात्र नक्की धरा.

आता नवऱ्याचं. दोन चमचे साखर प्रत्येक कपात नको, पण त्याची तक्रार खरी आहे. बहुतेक घरांत ग्रीन टी चुकीचाच बनतो. उकळतं पाणी ओतायचं, पिशवी कपातच सोडून द्यायची, मग तो कडूजहर होणारच. पाणी उकळलं की चार-पाच मिनिटं थांबा, ७५ ते ८० अंशांवर येऊ द्या, पान दोन मिनिटं ठेवा आणि काढून टाका. प्यायच्या आधी आणखी थोडा निवू द्या. ६५ अंशांच्या वर पेय घशाखाली उतरवण्याची सवय अन्ननलिकेला बाधते. लिंबू पिळलं तर चव हलकी होते आणि कॅटेचिनही आतड्यात जास्त टिकतात. पहिला आठवडा एक चमचा साखर, मग अर्धा, असं उतरवू द्या.

फक्त त्याला एक विचारा, रक्तदाबासाठी किंवा रक्त पातळ ठेवायला कुठली गोळी चालू आहे का. नॅडोलॉल या रक्तदाबाच्या गोळीबरोबर ग्रीन टी दिला तेव्हा रक्तातलं औषध सुमारे ८५ टक्क्यांनी घटलं होतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनीही अचानक जास्त ग्रीन टी सुरू करू नये. अशी काही गोळी असेल तर साखर घालण्याआधी, खरं तर कप भरण्याआधीच, डॉक्टरांना फोन करू दे.